नानांचे हात

किनारा परिवहनच्या चिपळूण आगारात दर सोमवारी दुपारी सुरक्षा अधिकारी विश्राम लांजेकर फळ्यावर एकच गणित मांडायचा. रात्री साडेआठला बसलात, अकराला उठलात, मध्ये चार मोठे पेग झाले. सकाळी सहाला बस काढायची आहे. तर रक्तात शिल्लक किती?

नवे ड्रायव्हर हसायचे. "झोप झाली की शून्य, सर," कुणीतरी म्हणायचा. दुसरा लिंबूपाण्याचं नाव घ्यायचा, तिसरा काळ्या कॉफीचं. विश्राम सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि मग खडू उचलायचा.

"यकृत म्हणजे तलाठ्याच्या कचेरीतली एकुलती एक खिडकी समजा. रांग दहा माणसांची असो नाहीतर शंभराची, तासाला ठरावीकच माणसं मोकळी होणार. रक्तातली दारू तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅमने उतरते. तुम्ही झोपा, जागे राहा, थंड पाण्याने आंघोळ करा, खिडकीवरचा माणूस हात भरभर चालवत नाही. सकाळी डोकं हलकं वाटतं, पाय सरळ पडतात, म्हणून तुम्हाला वाटतं, उतरली. तुम्हाला काय वाटतं ते सोडा. रक्ताला विचारा."

मग तो फळ्यावर उत्तर लिहायचा: बारा ते वीस मिलिग्रॅम.

रक्ताला विचारायची सोय आता प्रत्येक नव्या गाडीत होती. तीन वर्षांपूर्वी कायदा बदलला होता. आधी शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोल असेपर्यंत गाडी चालवता यायची. ती मर्यादा दहावर आली, आणि प्रवासी वाहनांच्या चालकांसाठी शून्यावर. त्याबरोबरच स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना दोन काळ्या पट्ट्या आल्या. त्यांवर हात ठेवले की डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊन परत यायचा. अल्कोहोलचे रेणू त्यातल्या काही ठरावीक लहरी शोषून घेतात. परतलेल्या प्रकाशात त्या लहरी किती कमी झाल्या, यावरून दोन सेकंदांत आकडा निघायचा. आकडा मर्यादेच्या वर गेला तर गाडी सुरूच व्हायची नाही. फुंकर मारायला नको, सुई नको. नुसता हात धरून निदान करतो म्हणून लोकांनी त्या यंत्राचं नाव पाडलं 'वैद्य'.

या वैद्याला रक्त कळायचं, पण ते कुणाचं आहे ते कळायचं नाही. खासगी गाडीत कॅमेरा नको म्हणून लोकांनी आरडाओरडा केला होता. शिवाय तिथे तपासणी गाडी सुरू करतानाच व्हायची. किनाराच्या बसमध्ये मात्र ती दर वीस मिनिटांनी व्हायची, आणि तो आग्रह विश्रामचाच होता. "एकदाच तपासलं तर कुणीही कुणाचे हात उसने घेईल," असं त्याने कंपनीला लिहून कळवलं होतं.

विश्राम कडक होता. सहा महिन्यांपूर्वी हळदणकर नावाच्या ड्रायव्हरचा आकडा पहाटे बारा आला. आदल्या संध्याकाळी बहिणीची हळद होती. एकवीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, सर, एवढी वेळ सोडा, असं तो हात जोडून म्हणाला. "आकड्याला बहीण नसते, हळदणकर," विश्राम म्हणाला, आणि त्याला बस धुवायच्या कामावर पाठवलं.

त्याच कडकपणाचा एका शुक्रवारी सत्कार झाला. दारूमुळे एकही अपघात न होता किनाराचे हजार दिवस पूर्ण झाले होते. विश्रामला शाल मिळाली, नारळ मिळाला, मॅनेजरसाहेबांनी भाषणात त्याला "आगाराची सदसद्विवेकबुद्धी" म्हटलं. नंतर हॉटेलात जेवण होतं. विश्राम वर्षातून दोनदा-तीनदाच घ्यायचा. त्या संध्याकाळी कुणी आग्रह केला असंही नाही. त्याला बरं वाटत होतं, एवढंच. साडेआठला तो बसला, अकराला उठला. चार मोठे पेग झाले होते.

*

शनिवारी सकाळी सहा वाजता नाना दारात तयार होते. नाना म्हणजे विश्रामचे वडील. वय एकोणऐंशी, सरकारी दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि आज रत्नागिरीला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. विश्रामची बायको वृंदा लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली होती, त्यामुळे घरात दोघेच. सर्जन महिन्यातून एकदाच यायचे. घाटात रस्तारुंदीचं काम चालू होतं आणि साडेसहानंतर दीड तास वाहतूक बंद ठेवायचे. त्याआधी घाटात शिरणं भाग होतं.

सहा वाजून बारा मिनिटांनी विश्रामने स्टिअरिंगवर हात ठेवले. पडद्यावर लाल आकडा उमटला: चौदा.

त्याने हात पँटला पुसून पुन्हा ठेवले. चौदाच.

"काय झालं?" शेजारच्या सीटवरून नानांनी विचारलं. त्यांना आकडा वाचता येत नव्हता, नुसता रंग दिसत होता. "तांबडं दिसतंय."

विश्रामच्या डोक्यात गणित आपोआप सुटलं. चार मिलिग्रॅम जास्त. तासाला पंधरा, म्हणजे सोळा मिनिटं. सोळा मिनिटांनी हीच गाडी त्याच्याच हातांनी सुरू झाली असती.

"नाना, जरा इकडे येऊन बसाल? नुसते हात ठेवायचे."

नाना म्हणाले, "काल किती घेतलीस?"

"चार."

"मग थांबू की. किती वेळ लागतो उतरायला?"

"सोळा मिनिटं. पण तेवढ्यात घाट बंद होईल. पुढचा नंबर दीड महिन्याने."

"जोश्यांच्या मुलाला उठव. तो येईल गाडी घेऊन."

"त्याला काय सांगू नाना? मला गाडी का चालवता येत नाही म्हणून सांगू?"

खरी गोष्ट ती होती. घाटाचं निमित्त होतं. जोशी समोरच राहायचे आणि काल सत्काराला पहिल्या रांगेत बसले होते.

नाना सावकाश उतरले, बॉनेटला हात लावत लावत पलीकडून आले आणि स्टिअरिंगसमोर बसले. या हातांनी चाळीस वर्षं औषधाच्या बाटल्यांवर खाचांच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या, एका खाचेला एक डोस. ते हात त्यांनी काळ्या पट्ट्यांवर ठेवले. हिरवा शून्य आला. गाडी सुरू झाली. दोघांनी जागा बदलल्या.

*

सहा चोवीसला, गाव संपतं तिथल्या वळणावर, डावीकडच्या गल्लीतून एक स्कूटर बाहेर आली. विश्रामने ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण एका हाताच्या अंतराने उशिरा. स्कूटर आडवी झाली आणि तिच्यावरची बाई रस्त्याकडेच्या खडीवर पडली.

तिचं नाव सुचिता शिगवण. अंगणवाडी सेविका, वय अडतीस. हेल्मेट असल्यामुळे डोकं वाचलं. डावा पाय गुडघ्याखाली विचित्र वळला होता. ती ओरडली नाही. "माझी पिशवी बघा हो, रजिस्टर आहे त्यात," एवढंच म्हणत राहिली. विश्रामने रुग्णवाहिकेला फोन केला. नानांनी गुडघे टेकून चाचपत तिच्या पायाखाली आपल्या शालीची घडी सरकवली आणि पाय हलू न देता धरून ठेवला.

रुग्णवाहिका तिला घेऊन गेली आणि मग पोलीस आले. तरुण हवालदाराने हातातलं यंत्र गाडीला जोडलं, शेवटची नोंद पाहिली. "वैद्य शून्य आहे. चला, ते एक बरं. गाडी कोण चालवत होतं?"

विश्रामने तोंड उघडलं. मी, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण त्या अक्षरामागे काय काय उभं होतं ते त्याला एकदम दिसलं: सहा बाराची चौदाची नोंद, आगार, हळदणकर, कालची शाल. त्याने श्वास घेतला, आणि तेवढ्या वेळात नाना म्हणाले, "मी."

हवालदाराने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "आजोबा, तुम्हाला दिसतं का नीट?"

"मोतीबिंदू आहे. आज ऑपरेशन होतं."

"आणि तुम्ही गाडी चालवत होता?" हवालदार विश्रामकडे वळला. "तुम्ही शेजारी बसून चालवू दिलीत?"

विश्राम काहीच बोलला नाही, आणि हवालदाराने ते उत्तर म्हणून लिहून घेतलं.

पोलीस ठाण्याच्या बाकावर बसला असताना त्याने घड्याळ पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. आता आपल्या रक्तात काहीही उरलेलं नाही, हे त्याला फळ्यावर लिहिल्याइतकं स्पष्ट कळलं. तो गप्प बसला असताना त्याचं यकृत त्याच्या वेगाने पुरावा धुऊन काढत होतं. शेजारी नाना जबानीच्या कागदावर कुठे सही करायची ते बोटाने शोधत होते.

*

रविवारी गावच्या पेपरात आलं: मोतीबिंदू असताना वृद्धाने गाडी हाकली, अंगणवाडी सेविका जखमी. नानांचं नाव पूर्ण छापलं होतं. त्यांचा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी ऑपरेशन बेमुदत पुढे ढकललं. समोरचे जोशी येऊन नानांनाच रागावून गेले. "या वयात हा हट्ट कशाला, नाना?" नाना म्हणाले, "चुकलंच." विश्राम आत चहा करत होता. चहा उतू गेला तरी तो ओट्यापाशी उभाच राहिला.

सोमवारी त्याने वर्ग घेतला. खडू हातात घेतला, रात्री साडेआठ असं लिहिलं, आणि पुढचं लिहिता येईना. "आज तब्येत बरी नाही," म्हणून तो बाहेर आला. धुण्याच्या शेडजवळ हळदणकर होता, गुडघ्यापर्यंत पँट वर केलेली, हातात पाण्याचा पाइप. त्याने पाइप बंद केला.

"सर, नानांचं वाचलं. वाईट वाटलं. माझ्या लहानपणी त्यांच्याच हातचं औषध प्यायलोय मी. असा माणूस... वय झालं की होतं, सर. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

विश्रामने मान हलवली. हळदणकरने काहीतरी टोचून बोलायला हवं होतं असं त्याला वाटलं. निदान गप्प राहायला हवं होतं.

चौथ्या दिवशी तो फळं घेऊन सुचिताला भेटायला गेला. पायात सळई घातली होती. तिने आजोबांची चौकशी केली. त्यांनी पाय धरून ठेवला म्हणून हाड आणखी सरकलं नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं तिने सांगितलं.

"मला केस वाढवायची नाही," ती म्हणाली. "माझे दीर वकील आहेत. ते एक पत्र तयार करतायत. आजोबांनी चूक झाली असं लिहून द्यावं, परत गाडी चालवणार नाही म्हणावं. मी तडजोडीला तयार आहे. म्हाताऱ्या माणसाला कोर्टात फिरवून मला काय मिळणार?" मग तिने विचारलं, "पण तुम्ही होतात ना शेजारी? तुम्ही का नाही चालवलीत?"

"मला... मला जरा बरं वाटत नव्हतं."

"हो का," ती म्हणाली, आणि त्याला पाणी देण्यासाठी नर्सला हाक मारू लागली.

घरी जाताना त्याला मोकळं वाटायला हवं होतं. सगळं मिटत होतं. नोकरी राहत होती, नानांवर खटला होणार नव्हता, आणि गाडीतली सहा बाराची नोंद तीस दिवसांनी आपोआप पुसली जाणार होती. कुणी मागितल्याशिवाय ती कुणी पाहतही नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय एक गोष्ट तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता. अपघाताच्या वेळी आपल्या रक्तात अकरा असतील. मर्यादेच्या वर फक्त एक. एका मिलिग्रॅमने ब्रेक उशिरा दाबला गेला, की घाईने, की अर्धवट झोपेने? की कुणीही असता तरी तेच झालं असतं? हे जगातलं कुठलंच यंत्र सांगू शकत नव्हतं. पण हात कुणाचे घेतले, ते सांगायला यंत्र लागत नव्हतं.

*

पत्र दुसऱ्या दिवशी आलं. नाना खुर्चीवर बसले, चष्मा लावला, काढला.

"अक्षर लागत नाही. वाच तू. मग सही करतो."

विश्रामने कागद घेतला. "मी, दिगंबर सखाराम लांजेकर, वय एकोणऐंशी, सेवानिवृत्त, असे लिहून देतो की, माझी दृष्टी अधू असल्याची मला पूर्ण जाणीव असतानाही..."

तो थांबला.

"वाच पुढे."

"असतानाही मी, कोणाचेही न ऐकता, हट्टाने..."

"हट्टाने लिहिलंय?"

"हो."

नाना थोडे हसल्यासारखे झाले. "असू दे. पुढे?"

विश्रामला पुढची ओळ दिसत होती, अक्षर न् अक्षर स्पष्ट, आणि ती तोंडातून निघत नव्हती. बावन्न वर्षांचा तो माणूस बापासमोर उभा राहून रडू लागला, आणि नानांना ते दिसत नसल्यामुळे त्यांनी पुन्हा विचारलं, "काय झालं? ओळ तुटली का?"

"नाना, तुम्ही का म्हणालात 'मी' म्हणून?"

"तुझी नोकरी जाईल म्हणून. पण ते नंतर सुचलं. खरं सांगू? हात ठेवले तेव्हाच मी त्यात होतो. चाळीस वर्षांत कुणाला डोस चुकवून दिला नाही. डॉक्टरांनी घाईत चुकीचं लिहिलं तर चिठ्ठी घेऊन परत जायचो, शिव्या खायचो, पण देत नसे. आणि तुला नाही म्हणता आलं नाही मला. ऑपरेशन माझंच होतं ना. मलाही दिसायला हवं होतं."

विश्रामने कागदाची घडी घातली. नानांनी हात पुढे केला होता सहीसाठी, तो तसाच राहिला.

"कपडे बदलता का?" विश्राम म्हणाला. "पोलीस ठाण्यात जायचंय. चालत जाऊ."

*

गाडीतल्या नोंदी त्याने स्वतः मागणी-अर्ज भरून काढायला लावल्या. सहा बारा: चौदा, नकार. सहा तेरा: चौदा, नकार. सहा सतरा: शून्य, सुरू. तोच तरुण हवालदार होता. त्याने तीन ओळी दोनदा वाचल्या. मग त्याने नानांकडे पाहिलं आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. विश्रामला दिली नाही.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. विश्रामचं लायसन दोन वर्षांसाठी गेलं, अपघाताचा आणि यंत्राला फसवल्याचा खटला उभा राहिला. कंपनीने त्याला कामावरून काढलं. मॅनेजरसाहेबांनी पत्र शिपायाकरवी पाठवलं, भेटले नाहीत. खोटी जबानी दिली म्हणून नानांनाही कोर्टात उभं राहावं लागलं. न्यायाधीशांनी त्यांना समज देऊन सोडलं, पण समज ऐकताना नानांनी मान खाली घातली होती आणि ती बाहेर येईपर्यंत वर केली नाही. वृंदा नागपूरहून आली. आठ दिवस ती विश्रामशी कामापुरतंच बोलली, आणि नानांना मात्र हाताला धरून बाहेर फिरवून आणत राहिली.

दोन महिन्यांनी विश्राम सुचिताच्या घरी गेला. पेपरातून तिला सगळं कळलंच होतं, पण ते तिला आपल्या तोंडाने सांगायला हवं, असं त्याला वाटत होतं. ती कॉटवर बसली होती, पाय उशीवर. अंगणवाडीत जमिनीवर बसावं लागतं आणि हा गुडघा आता पुरता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने त्याला बसा म्हटलं नाही. त्याने उभ्यानेच सांगितलं, पहिल्यापासून, चार पेगांपासून.

तिने ऐकून घेतलं.

"आजोबांना मी माफ केलं होतं," ती म्हणाली, "कारण त्यांना दिसत नव्हतं. तुम्हाला सगळं दिसत होतं. हॉस्पिटलात मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोललात. मी तुम्हाला पाणी द्यायला लावलं होतं हो." तिचा आवाज चढला नाही. "पायाचं काय, पाय मोडतो माणसाचा. पण तुम्हाला नाही करायचं मला माफ. या आता."

तो चार किलोमीटर चालत घरी आला. वाटेत किनाराच्या दोन बस गेल्या. दोन्ही ड्रायव्हर त्याच्या वर्गातले होते. एकाने हात वर केला, दुसऱ्याने केला नाही.

नाना ओसरीवर बसले होते. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं होतं. वृंदा त्यांना एसटीने घेऊन गेली होती. पट्टी निघाली होती, आणि ते तांदूळ निवडत होते, एकेक खडा चिमटीत धरून उजेडात पाहत.

"काय म्हणाली?"

"माफ करणार नाही म्हणाली."

नानांनी एक खडा बाजूला टाकला.

"बरोबर बोलली," ते म्हणाले. "हातपाय धू. ताटं घ्यायला सांगतो."